गोरज मुहूर्तावर खटका पडला

निंबगावात मल्हारी नावाचा एक भोळा भाऊ होता. भोळा भाऊ म्हणण्याचे कारण असे, की त्याला वैजयंता नावाची बहीण होती, ती उपवर होती, आणि वडील देवाघरी गेल्यामुळे तिच्या लग्नाचा भार मल्हारीच्या डोक्यावर आला होता. डोके मात्र भार सोसणारे नव्हते.

मल्हारी वाईट मनुष्य नव्हता. पहाटे उठे. आंघोळ करी. देवापुढे दिवा लावी. कुणाचे काही हिरावून घेत नसे आणि सांगितलेले ऐके. वडीलधाऱ्यांचे ऐकावे असे शास्त्र सांगते. पण कोणते सांगणे कोणत्या प्रसंगाचे, हे ओळखण्यासाठी परमेश्वराने माणसाला विवेकही दिला आहे. मल्हारीने तो विवेक जसा मिळाला तसा, न वापरता, जपून ठेवला होता.

वैजयंतेची सोयरीक शेजारच्या गावातील रंगरावांच्या मुलाशी, विश्वजिताशी ठरली. मुलगा बरा होता. मुलीच्या मनात भरला होता. सुपारी फुटली तेव्हा रंगराव मिशीवर हात फिरवीत म्हणाले, “आम्हाला काय बी नको. देवानं भरपूर दिलंय. फकस्त मानपान नीट झाला पायजे.”

जो काही नको म्हणतो त्याला सगळेच हवे असते. काय काय हवे ते आठवण्याचे कष्ट तेवढे तो दुसऱ्यावर टाकतो.

ते कष्ट मल्हारीच्या मामांनी उचलले. मामांचे नाव दौलतराव. भाचीच्या लग्नात आपला शब्द अखेरचा असावा, असे त्यांना वाटे. ते म्हणाले, “रुखवत असं मांडायचं, की पाव्हण्यांची मान खाली गेली पायजे. लाडवाची परात आणि लोकरीचं तोरण मांडायचे दिवस गेले.” मग फ्रिज आला. गिझर आला. मिक्सर, कूलर, इस्त्री आणि कपडे धुण्याचे यंत्र आले. घर लहान होते. वस्तू मोठ्या होत्या. माणसे अंगणात निजू लागली.

घरातली विजेची तार मल्हारीच्या वडिलांनी ओढून घेतलेली होती. त्या काळी घरात एक दिवा होता, एक पंखा होता आणि समाधान होते. तार तेवढ्याच बेताची होती.

मामा म्हणाले, “सगळं एकदम चालू करून बघू. रुखवतात नुसत्या मांडलेल्या वस्तू मेलेल्या दिसतात.”

सगळे एकदम चालू केले. फ्रिज गुरगुरला, मिक्सर किंचाळला, इस्त्री तापू लागली. आणि फट् असा आवाज होऊन घरात शांतता पसरली.

मीटरशेजारच्या पेटीत एक काळा खटका होता. तारेला सोसवेना इतका भार झाला, की तो आपणहून खाली पडे आणि वीज तोडी. तार तापून घराला आग लागू नये, म्हणून ती योजना होती. त्या घरात आपली मर्यादा जाणणारा तेवढा एकच होता.

शिरपा वायरमनला बोलावले. शिरपाला पंचक्रोशीतून बोलावणी येत. म्हणून तो अर्धे सायकलवर असतानाच बोले आणि उरलेले जाता जाता बोले. त्याने खटका पाहिला, तार पाहिली, वस्तूंकडे पाहिले आणि कपाळाला हात लावला.

“का रं मल्हारी, घरात कारखाना काढलास का काय? तार बारीक हाय. एवढा भार एकदम सोसंल का तिला? एका वक्ताला एकच चालू ठेवायचं. दुसरं चालू करायचं तर पैलं बंद. घर जुनं हाय, एवढं ध्यानात धर.”

“बरं. ध्यानात धरतो,” मल्हारी म्हणाला.

आणि त्याने ध्यानात धरले.

दुसऱ्या दिवशी वैजयंतेचे केळवण होते. भाऊबंद जेवायला आले. ओसरीवर पंगत बसली. वाटाण्याची उसळ होती, पुऱ्या होत्या, श्रीखंड होते. वदनी कवळ झाले. लोकांनी हात पानाला लावले, तोच मल्हारी पंगतीच्या मध्यभागी येऊन उभा राहिला.

“थांबा! सगळ्यांनी एकदम न्हाई. आधी मामा चालू.”

लोकांना वाटले, घरची रीत असेल. ते थांबले. मामांनी एक पुरी खाल्ली. दुसरीला हात घालणार, तो मल्हारीने त्यांचे मनगट धरले.

“मामा, आता बंद. आता भिकूकाका चालू.”

“मल्हारी, लेका, तोंडात घास हाय माझ्या!”

“तो तसाच ठिवा, मामा. गिळायचं बी बंद. काका, करा चालू.”

भिकूकाका वयाने थकलेले होते. त्यांना दात नव्हते. ते चालू झाले, पण लवकर बंद होईनात. पंगत हात वर धरून त्यांच्याकडे पाहत राहिली. पुऱ्या गार झाल्या. श्रीखंडावर माशा बसल्या. त्यांना मल्हारीने काही सांगितलेले नसल्यामुळे त्या सगळ्या एकदम बसल्या.

भिकूकाकांची सून शेवटी म्हणाली, “आवो, आमची पाळी यायची तर संक्रांत उजाडंल!”

“वहिनी, मी काय करू? घर जुनं हाय. एवढा भार एकदम सोसत न्हाई.”

मल्हारीची आई अनुसाबाई स्वयंपाकघरातून धावत आली. तिने कपाळ बडवून घेतले. “अरं माझ्या लेकरा, एका वक्ताला एक ते यंत्राचं होतं! माणसाला कुणी भिंतीत खुपसलंय का? जेवू दे सगळ्यांला.”

“असं होय? बरं आई. ध्यानात धरतो,” मल्हारी म्हणाला.

पाहुणे जेवले. पण जाताना जो तो आपसांत कुजबुजत गेला. निंबगावात कुजबुज वाऱ्यापेक्षा वेगाने जाते. ती रंगरावांच्या दारात पोहोचली.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी अनुसाबाईने पुरणासाठी मिक्सर लावला. मामांनी त्याच वेळी कूलर लावला आणि त्याच्यापुढे डोळे मिटून बसले. खटका पडला. मल्हारी धावला आणि त्याने खटका वर केला. तो पडला. पुन्हा वर केला. पुन्हा पडला. मग मल्हारीने खाट ओढून आणली, तिच्यावर उभा राहिला आणि खटका अंगठ्याने वर दाबून धरला. पेटीतून धूर येऊ लागला.

रस्त्याने शिरपा चालला होता. धूर पाहून त्याने सायकल टाकली आणि मल्हारीला खाली ओढले.

“जळून मरायचंय का? खटका खाली आला तर बळंच वर करायचा न्हाई. आधी समद्यांनी हात काढायचे. का खाली आला ते शोधायचं. कारण गावंस्तवर कुणी बोट लावायचं न्हाई. घाई केलीस तर घर गेलं म्हणून समज.”

“बरं. ध्यानात धरतो,” मल्हारी म्हणाला.

त्याच दिवशी दुपारी वऱ्हाड आले. जानवशासाठी घराच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या केल्या होत्या. वरपित्याचे पाय धुण्याचा मान मुलीच्या भावाचा. मल्हारीने दारात पाट मांडला. रंगराव त्यावर उभे राहिले. आईने सांगितले होते, की मानपानात हात आखडायचा नाही. म्हणून मल्हारीने तांब्याऐवजी घागर घेतली आणि ती सगळी पायांवर ओतली. सारवलेल्या जमिनीचा चिखल झाला. रंगरावांनी पाटावरून पाऊल खाली ठेवले. पाऊल पुढे गेले, रंगराव मागे राहिले, आणि नवा फेटा, नवी बंडी व जुना मान यांसकट ते चिखलात उताणे झाले.

लोक धावले.

“हात काढा!” मल्हारी ओरडला. “कुणी बोट लावायचं न्हाई!”

लोक दचकून मागे सरले. आता, ‘एका वेळी एकच’ हे यंत्राचे असते, हे मल्हारीने बरोबर ध्यानात धरले होते. पण ‘लगेच वर करू नये’ हे कशाचे असते, ते आईने त्याला अजून सांगितलेले नव्हते.

तो रंगरावांच्या डोक्याशी उकिडवा बसला.

“पाव्हणं, असं आधी कधी झालंवतं?”

“उचल मला, गाढवा!”

“कारण गावंस्तवर न्हाई. घाई केली तर घर जाईल. आज सकाळपास्नं भार किती झाला?”

“कसला भार?”

“काय काय घेतलं पोटात?”

रंगरावांच्या पाठीखालून पाणी वाहत होते. त्यांनी दात खाल्ले. “न्याहारीला भाकरी घेतली. वाटंत भजी घेतली. हितं आल्यावर पोहे घेतले. लाडू घेतला. दोन घेतले! आता उचल!”

मल्हारीने मान डोलावली. त्याने लोकांकडे वळून शांतपणे सांगितले, “एकदम सगळं चालू केलंय.”

वऱ्हाडातला एक पोक्त मनुष्य शेजाऱ्याला म्हणाला, “पोरगं वेडं म्हणत्यात, पर ह्यात काय चुकीचं बोललं?” शेजाऱ्यानेही मान हलविली. रंगराव चिखलातच होते. चौकशी चालू असताना पडलेल्या माणसाकडे पाहण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

शेवटी अनुसाबाई आणि मामा यांनी त्यांना उचलले. रंगरावांनी फेटा पिळला. तो पिळता पिळताच ते बोलले, “अनुसाबाई, मुलगी चांगली हाय म्हणून हे गिळतो. पर आता ह्या तुमच्या दिवट्यानं आणखी एक घोळ केला, तर वऱ्हाड आल्या पावली माघारी फिरंल. मग बसा रुखवत कुरवाळत.”

अनुसाबाईने पदर पसरला. मामांनी टोपी काढली. वैजयंता आतल्या दाराआड उभी होती. तिने ओठ दाताखाली धरले होते.

संध्याकाळी तिने भावाला परसात बोलावले. तिच्या हातांवर हळद होती. ती त्याच्यावर रागावली नाही. लहानपणी त्याने तिला पाठुंगळी घेऊन शाळेत नेले होते. ‘हिला शाळेत पोचव’ असे आईने सांगितले होते. ‘आणि परत ये’ असे सांगितले नव्हते, म्हणून तो दिवसभर तिच्या बाकाशेजारी उभा राहिला होता. तिला ते ठाऊक होते.

“दादा, माझं ऐकशील?”

“ऐकतो की. मी सगळ्यांचंच ऐकतो.”

“तेच तर,” वैजयंता म्हणाली. “दादा, मला ह्या घरी जायचंय. माणूस भला हाय. लग्न मोडलं तर आई जगायची न्हाई. तुझ्या पाया पडते, उद्या तू काय बी करू नको. खांबासारखा नुसता उभा राहा.”

“बरं वैजू. ध्यानात धरतो.”

लग्नाच्या दिवशी सकाळी तो मांडवाच्या कोपऱ्यात हात वर करून उभा राहिला. मांडववाल्याने थोडा वेळ त्याच्याकडे पाहिले. त्याला एक खांब कमी पडत होता. त्याने मल्हारीच्या कमरेला छताची दोरी बांधली आणि पाठीला झेंडूची माळ लावली. मल्हारी हलला नाही. त्या दिवशीचे एवढे एकच काम बिनचूक झाले.

पण खांबालाही नशीब सोडत नाही. जानवशात वरपक्षाच्या माणसांना आंघोळीला गरम पाणी हवे होते. रुखवतातला नवा गिझर त्यांच्यासाठी लावून दिला होता. तो चालू केला, की खटका पडे. बंद केला तरी दोष त्याचाच हे कुणाला समजले नाही, कारण तोवर कूलर लागलेला असे आणि खटका पुन्हा पडे. रंगरावांच्या बहीण आत्याबाई अंगाला उटणे लावून बसल्या होत्या आणि उटणे वाळत चालले होते.

“आमच्या घरी गडीमाणसं सुद्धा गरम पाण्यानं न्हात्यात!” त्या ओरडल्या.

मामा शिरपाला घेऊन आले. शिरपाला दुसऱ्या गावात दुसरे लग्न होते. त्याने सायकलवरून पाय खाली टेकला नाही.

“मला थांबाया येळ न्हाई. मल्हारी, तूच कर. सगळं चालू ठिव. मग एकेक काढत जा आणि दरवेळी खटका वर करून बघ. ज्याला काढल्यावर खटका टिकतो, दोष त्याच्यात. समाजलं? आन् दोष सापडला तर घरात उघडून बघत बसू नगंस. नवीन वस्तू हाय. ज्यांनी तयार केली त्यांच्याकडं जशीच्या तशी माघारी लावून द्यायची. त्यांची त्यांनी दुरुस्त करावी, न्हाईतर बदलून द्यावी.”

“बरं. ध्यानात धरतो,” मल्हारी म्हणाला. त्याला खांबपणातून सोडवले. मांडवाची ती बाजू थोडी खाली आली.

आणि नवल घडले. मल्हारीने सांगितले तसेच केले, आणि जिथे सांगितले तिथेच केले. कूलर काढला, खटका पडला. फ्रिज काढला, खटका पडला. गिझर काढला, खटका टिकला. गिझरमधली पाणी तापवणारी कांडी फुटून पाणी तारेला लागले होते. मल्हारीने गिझर न उघडता खोक्यात घातला आणि टेम्पोतून दुकानाकडे लावून दिला. चुलीवर हंडा चढला. आत्याबाई न्हाल्या.

सगळ्यांनी मल्हारीला शाबासकी दिली. मामांनी पाठ थोपटली. आईच्या डोळ्यांत पाणी आले. खुद्द रंगराव म्हणाले, “म्हणजे डोकं हाय म्हणायचं.”

मूर्खाला अपयश आले तर एक दिवस वाया जातो. यश आले तर किती दिवस जातील, ते सांगता येत नाही.

लग्न गोरज मुहूर्तावर होते. सूर्य टेकला. गाई घरी परतल्या. मांडवात दिव्यांच्या माळा लागल्या. पंखे फिरू लागले. शूटिंगवाल्याने आपला मोठा झगझगीत दिवा लावला, तेव्हा नवरदेव डोळे मिचकावू लागला. पाटाशेजारी समई शांतपणे तेवत होती. तिच्याकडे कुणाचे लक्ष नव्हते.

वामनभटजींनी अंतरपाट धरवला. मंगलाष्टके सुरू झाली. लोकांनी अक्षता मुठीत घेतल्या. जानवशातल्या वरपक्षाच्या मुली मात्र अजून सजत होत्या. प्रत्येकीने घरून येताना आपापले यंत्र आणले होते. कुणी केस वाळवत होती, कुणी केसांना वळण देत होती, कुणी साडीला इस्त्री करीत होती. भिंतीत जागा नव्हती म्हणून एका भोकात तीन-तीन तारा खुपसल्या होत्या. आपण सुंदर दिसावे ही इच्छा वाईट नाही. पण सगळ्यांनी एकदमच दिसावे, ही त्या तारेला झेपण्याजोगी गोष्ट नव्हती.

भटजींनी अखेरच्या मंगलाष्टकाचा सूर उचलला आणि फट् असा आवाज झाला.

मांडवात अंधार पडला. फक्त समई उरली.

वामनभटजी म्हणाले, “काही हरकत नाही. समई आहे, अग्नी आहे, देवब्राह्मण आहेत. विवाहाला वीज लागत नाही. अक्षता तयार ठेवा.”

“थांबा, भटजी!” रंगराव अंधारातून गरजले. “अंधारात शूटिंग कसं व्हायचं? लाइट येऊ द्या, मग सावधान म्हणा.”

“रंगराव, मुहूर्त थांबत नाही.”

“मुहूर्त शूटिंगमध्ये दिसत न्हाई, भटजी. लाइट दिसतो.”

भटजींनी पोथी मिटली. यजमानापुढे शास्त्र जेवढे बोलते तेवढे ते बोलून चुकले होते.

मामा पेटीकडे तोंड करून ओरडले, “मल्हारी! सकाळी केलंस तसं कर! झटदिशी!”

मल्हारी सकाळच्या शाबासकीपासून पेटीजवळच उभा होता. वैजयंता अंतरपाटाआडून कळवळून म्हणाली, “मामा, त्याला नको!” पण मामांचा शब्द अखेरचा असे.

मल्हारीने विचार केला. सकाळी त्याने सगळ्या वस्तू तपासल्या होत्या. दोषी वस्तू परत गेली होती. उरलेल्या वस्तूंत दोष नव्हता. मग दोष कशात? सकाळी नव्हते असे आता मांडवात काय आहे? त्याने अंधारात डोळे ताणून पाहिले. माणसे आहेत.

विचार एवढा सरळ होता, की त्यात चूक सापडणे कठीण होते.

दुसऱ्याचा दोष पाहण्याआधी आपल्याकडे पाहावे, असे त्याने कीर्तनात ऐकले होते. म्हणून त्याने आधी मामांचा हात धरला आणि त्यांना मांडवाबाहेर बाभळीखाली नेऊन उभे केले.

“हे काय रं?”

“हलू नका, मामा. बघतो.” त्याने खटका वर केला. खटका पडला. “मामांत दोष न्हाई.”

मग त्याने आईला बाहेर नेले. खटका पडला. आईत दोष नव्हता, याचा त्याला आनंद झाला. मग भिकूकाकांना नेले. खटका पडला. मग त्याने आत्याबाईंना नम्रपणे बाहेर काढले. त्या वाटेत पुष्कळ बोलल्या, तेव्हा दोष सापडला असे त्याला जवळजवळ वाटले. पण खटका पडला. अंधारात लोकांना काही नीट दिसत नव्हते. मल्हारी सकाळप्रमाणे दुरुस्ती करतो आहे एवढे त्यांना ठाऊक होते, म्हणून ज्याला धरले तो मुकाट्याने जाई. भटजीही गेले.

आता पाटावर नवरदेव उरला.

मल्हारीचे दोन्ही हात पेटी उघडझाप करून काळे झाले होते. नवरदेवाचा नवा पोशाख मळू नये, म्हणून त्याने त्याचा कान तेवढा धरला.

लग्नात मुलीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो आणि मान घेतो, ही आपली जुनी रीत आहे. विश्वजिताला वाटले, कानपिळीच आली. तो चांगल्या घरचा मुलगा होता. तो हसत उठला.

“मेव्हणं, हळू वढा,” तो म्हणाला.

“चला,” मल्हारी म्हणाला.

कुणीतरी ओरडले, “कानपिळी लागली! कानपिळी!” ही हाक जानवशात पोहोचली. नवऱ्याच्या बहिणी, चुलतबहिणी आणि मावसबहिणी यांनी एकच गलका केला. कानपिळी चुकवून चालणार नव्हते. परक्या घरी आपली वस्तू सोडू नये, असे त्यांच्या आयांनी त्यांना शिकवलेले होते. प्रत्येकीने आपापले यंत्र भिंतीतून उपटले, पिशवीत घातले आणि मांडवाकडे धाव घेतली.

भिंतीत एकही तार उरली नाही.

मल्हारीने, हीही रीतच समजणाऱ्या नवरदेवाला वरपक्षाच्या फुलांनी सजवलेल्या जीपगाडीत बसवले, परत येऊन पेटी उघडली आणि देवाचे नाव घेऊन खटका वर केला.

खटका टिकला.

मांडव लख्ख उजळला. माळा पेटल्या. पंखे फिरले. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सनईवाल्याने सनई तोंडाला लावली. रंगराव आनंदाने उभे राहिले आणि शूटिंगवाल्याला म्हणाले, “घे! आता सगळं घे!” शूटिंगवाल्याने आपला दिवा पाटाकडे वळवला. पाटावर नवरदेवाची घडी पडलेली शाल होती. अंतरपाट धरणारे दोघे अजून अंतरपाट धरून उभे होते. पलीकडे वैजयंता हातात हार घेऊन उभी होती. तिने अंतरपाटाच्या कडेने पाहिले आणि हार हळूच खाली ठेवला.

बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. तो लांब लांब जाऊ लागला.

“नवरदेव कुठं हाय?” रंगरावांनी विचारले.

मल्हारी खांद्यावरच्या उपरण्याने हात पुसत आला. त्याच्या चेहऱ्यावर कर्तव्य पार पाडल्याचे समाधान होते. त्याने वाकून नमस्कार केला.

“पाव्हणं, दोष सापडला.”

“सापडला ना? दिसतंय की. कशात होता?”

“तुमच्या पोरात.”

रंगरावांनी पाटाकडे पाहिले.

“मी एकेकाला काढून बघितलं,” मल्हारी म्हणाला. “आमच्या मामांला काढलं, आईला काढलं, भटजींला काढलं. खटका पडतच व्हता. पोराला काढलं आणि टिकला. तुमी बघताय, अजून टिकलाय.”

सगळ्यांनी वर पाहिले. दिवे टिकलेले होते. ते नाकारणे कुणालाच शक्य नव्हते.

“आरं, पर हाय कुठं तो?”

“माघारी लावून दिला. ज्यांनी तयार केला त्यांच्या घरी. डायवरला सांगितलंय, मधी कुठं थांबायचं न्हाई. तुमचाच डायवर हाय, पाव्हणं, शब्दाचा पक्का.”

रंगराव मटकन खाली बसले. मामांनी बाभळीखालून पाहिले आणि तिथेच उभे राहणे पसंत केले. वामनभटजींनी आकाशाकडे पाहिले. गोरज केव्हाच निघून गेली होती. सनईवाल्याला कुणी थांब म्हटले नव्हते, म्हणून तो वाजवीत होता.

अनुसाबाई पुढे आली. “मल्हारी, अरं मल्हारी, काय केलंस रं हे?”

आईचा स्वर ऐकून मल्हारीला वाटले, तिला वस्तूची काळजी वाटते आहे. त्याने तिला धीर दिला. मग रंगरावांच्या खांद्यावर आदराने हात ठेवून तो म्हणाला, “काळजी करू नका, पाव्हणं. आमी काय बी उघडलेलं न्हाई. जसा आला तसा धाडलाय. नवीनच हाय, दुरुस्त करून पाठवा. आणि न्हाईच झाला, तर बदलून दुसरा द्या. वैजू घरीच हाय.”